फुटक्या झाकणाची बरणी

हदगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं, आणि त्यातही पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा पेपर माझ्या गळ्यात पडला तो निवृत्तीपर्यंत निघाला नाही. माझं आडनाव वाघमारे. आमच्या स्टाफरूममधले इतिहासाचे सर नव्या माणसाला माझी ओळख करून देताना दरवर्षी तोच विनोद करायचे, "आडनाव वाघमारे, पण मॅडम शिकवतात जेलीफिश." मीही दरवर्षी तेच ऐकवायची, "वाघाला हाडं असतात सर, तो आपोआप उभा राहतो. बिनहाडाचं पोरांसमोर उभं करून दाखवा."

थट्टेत तथ्य होतं. हदगावहून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि वर आणखी निम्मा दिवस. कापूस आणि सोयाबीनच्या रानातून सायकल मारत येणाऱ्या पोरांना मी समुद्रातल्या जेलीफिशची घराणी शिकवायची. किनवटकडच्या हॉस्टेलातून आलेल्या एका पोरीनं पहिल्याच तासाला विचारलं होतं, "मॅडम, हे शिकून आमाला दिसणार कुठं?" मी म्हणाले, "परीक्षेत." वर्ग हसला. पण तो प्रश्न मला पुढे फार वर्षं पुरला.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. जेलीफिश हा मासा नाही. हे वाक्य मी जितक्यांदा उच्चारलं तितक्यांदा उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं नसेल. त्याला हाड नाही, रक्त नाही, मेंदू नाही, काळीजही नाही. अंगात जवळजवळ सगळं पाणीच. एक पारदर्शक छत्री, छत्रीच्या मधोमध खाली लोंबणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला तोंड. खाल्लेलं तिथूनच आत जातं आणि उरलेलं तिथूनच बाहेर येतं. वेगळी मोरी नाही. छत्रीच्या काठाला धागे असतात, त्यांना आम्ही शुंडकं म्हणतो. त्या धाग्यांत बारीक बारीक पेशी, आणि प्रत्येक पेशीत गुंडाळून ठेवलेला एक विषारी बाण. भक्ष्य धाग्याला लागलं की बाण सुटतो.

आता घराणी. सोयरीक जुळवताना घराणं विचारतात ते मला जन्मात आवडलं नाही, पण या प्राण्यांचं विचारावंच लागतं, कारण कोण किती चावतो ते त्यावरून बरंचसं कळतं. छत्री चौकोनी डब्यासारखी असेल तर त्या घराण्यात महाविषारी मंडळी आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार. छत्री गोल आणि मोठी, काठ झालरीसारखा कातरलेला, तर ते दुसरं घराणं, स्कायफोझोआ. आणि छत्री लहान, काठाच्या आतल्या बाजूला एक पातळ गोल पडदा ताणलेला, तर ते तिसरं, हायड्रोझोआ. हा पडदा म्हणजे या छोट्यांची ओळख. छत्री आवळली की पडद्याच्या मधल्या भोकातून पाणी जोरात सुटतं आणि प्राणी वर ढकलला जातो. यांचीही सगळी मंडळी गरीब नाहीत, पण बहुतेक आपल्या कातडीला काही करू शकत नाहीत.

या छोट्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांचे दोन जन्म. एक दगडाला चिकटलेला, राईपेक्षाही लहान, त्याला पॉलिप म्हणतात. तो नुसता पडून असतो, कुणाला दिसत नाही, कुणाचं काही घेत नाही. पाणी आणि ऊब मनासारखी झाली की त्याच्या अंगाला कळी येते, कळीची छत्री होते आणि सुटून पोहत निघून जाते. छत्र्या थोडे दिवस जगतात आणि मरतात. दगडावरचा मात्र दगडावरच राहतो.

हे सगळं मी शिकवायची ते बरण्यांवरून. आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून कपाटं होती आणि कपाटांत फॉर्मॅलिनच्या बरण्या. ज्या बरणीत जेलीफिश होता तिचं झाकण एका बाजूनं फुटलेलं, त्यावर पांढरी चिकटपट्टी. फॉर्मॅलिनमध्ये हा प्राणी आक्रसतो, दुधट होतो आणि तळाशी बसतो. साबुदाण्याची पेज गार झाल्यावर कशी दिसते, तसा तो दिसायचा. याला छत्री म्हणा, असं मी पोरांना सांगायची आणि पोरं बिचारी म्हणायची.

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा. त्यात स्पॉटिंग नावाचा प्रकार असतो. टेबलावर ओळीनं बरण्या मांडायच्या, पोरांनी एकेका बरणीपुढं उभं राहायचं, प्राणी ओळखायचा, घराणं आणि दोन लक्षणं लिहायची. घंटा वाजली की पुढच्या बरणीपुढं सरकायचं. परीक्षक बाहेरच्या कॉलेजचा येतो. त्याला चहा-फराळ देणं, पंख्याखाली बसवणं आणि दर वेळी "मागच्या वर्षीपेक्षा पोरं बरी आहेत" असं म्हणणं हे आमच्या बाजूचं काम.

बरण्यांचं सगळं रज्जाकभाईंकडे. रज्जाकभाई आमचे प्रयोगशाळा परिचर. माणूस लाखात एक, पण कुठलीही अडचण स्वतःच्या डोक्यानं सोडवायची खोड. एका वर्षी परीक्षा झाली, पोरांना गुण भरघोस पडले, परीक्षकांनी जाता जाता मुद्दाम सांगितलं, "मॅडम, तुमचा जेलीफिश किती ताजा राखलाय. आमच्याकडं तर गाळ झालाय त्याचा." मी खूश. परीक्षकांची बस गेल्यावर बरणी कपाटात ठेवायला उचलली, तर मला ती काही वेगळीच वाटली. झाकण उघडलं. फॉर्मॅलिनचा डोळ्यांत जाणारा वास नाही. उलट थोडा गोडसर.

"रज्जाकभाई, हे काय आहे?"

"कतीरा हाय मॅडम."

"कसला कतीरा?"

"डिंक कतीरा. शरबतात टाकत्यात त्यो. रात्री भिजत घातला, सकाळी असा फुलला. जुना वाला सड गया था मॅडम. मीच चुकून नळाचं पानी भरलं होतं. फेकून दिलं. परीक्षा तोंडावर, मंग काय करता?"

वर्गातल्या सगळ्या पोरांनी त्या भिजवलेल्या डिंकापुढं उभं राहून नाव, घराणं, शुंडकं, दंशपेशी असं सगळं बरोबर लिहिलं होतं. पैकीच्या पैकी. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग जरा धसकाच बसला. ज्या अर्थी डिंकावर शुंडकं दिसली, त्या अर्थी माझ्या वर्गात कुणी बरणीच्या आत पाहतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गंगाधरला गाठलं. गंगाधर मूळचा लातूर जिल्ह्यातला, शिरूर अनंतपाळकडचा; शिकायला हदगावात मामाकडं राहायचा. पोरगा आळशी, पण खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. मी विचारलं, "तू जेलीफिश कशावरून ओळखलास?"

त्यानं एकदा दाराकडं पाहिलं. पळता येत नाही असं दिसल्यावर म्हणाला, "झाकण फुटकं हाय मॅडम."

"म्हणजे?"

"समदेच तसं करत्यात. फुटकं झाकण म्हंजे जेलीफिश. लेबल उलटं लावलंय ती गांडूळ. बुडाला निळा रंग लागलाय ती समुद्रतारा."

पुढच्या वर्षी मी स्वतः बसून सगळ्या बरण्यांची झाकणं अदलाबदल केली. त्या वर्षीच्या पोरांनी गांडुळाला बिनधास्त जेलीफिश लिहिलं आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्यांनी झाकणं सोडून बरणीच्या काचेतले बुडबुडे पाठ केले. मी हात टेकले.

पण पोरांना कुठल्या तोंडानं बोलू? खरी गोष्ट अशी की मी स्वतःसुद्धा जिवंत जेलीफिश कधी पाहिला नव्हता. माझे वडील रेल्वेत गँगमन, किनवटच्या लाइनीवर. घरातली कॉलेजात गेलेली पहिली मी. एम.एस्सी.च्या सहलीला कोकणात गेलो तेव्हा समुद्र खवळलेला, कोळी आत जायला तयार नाहीत. वाळूवर वितळलेले दोन-चार गोळे पाहून परत आलो. पुढे मास्तरीण झाल्यावर पोरांना घेऊन गेले, तर पोरांना सांभाळण्यात जीव अर्धा. एक डोळा पाण्यावर, एक डोळा पोरं पाण्यात जातात का त्यावर. तेव्हाही वाळूवरचे गोळेच. फळ्यावर मी छत्री अशी झोकात काढायची की पोरं वहीत उतरवून घ्यायची विसरायची. ती उघडते-मिटते, असं हातानं करून दाखवायची. पण ती नक्की कशी उघडते आणि कशी मिटते, हे मला तरी कुठं माहीत होतं? निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेताना मनात एवढंच टोचत होतं. बाकी नोकरीनं मला काही कमी दिलं नाही.

निवृत्तीनंतर मी नांदेडला राहायला आले. यंदा दसरा झाला आणि एका दुपारी फोन वाजला.

"मॅडम, गंगाधर बोलून राहिलो. वळखलं का? फुटकं झाकण."

"ओळखलं. बोल."

"मॅडम, फुटक्या झाकणाची बरणी माझ्या खदानीत आलीय."

मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. मग त्यानं सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत नीट बसले. त्याच्या गावाकडच्या शेताच्या कडेला दगडाची जुनी खदान. रस्त्यासाठी दगड काढला आणि खड्डा तसाच सोडला; आता बारा महिने पाणी असतं. गंगाधरनं त्यात रोहू आणि कटला सोडलेले. दिवाळीनंतर मासे काढायचे, वर्षभराची मेहनत त्या पाण्यात. खदान बांधावर असल्यानं शेजारचे निवृत्तीकाकाही त्या पाण्यावर हक्कदार. त्यांची जनावरं तिथंच पाणी पितात. आणि गेल्या चार-सहा दिवसांपासून पाण्यात रुपयाएवढ्या पांढुरक्या छत्र्या वर-खाली करून राहिल्यात.

"काकाच्या अंगाला खाज सुटलीय मॅडम. त्याचं म्हणणं हे जीव चावले. गावात बोंब झालीय की पाणी नासलं. उद्या मोरचूद टाकायचं ठरलंय. काकानं पोतंच आणून ठेवलंय. मोरचूद टाकलं तर माझे मासे बी गेले ना."

मोरचूद म्हणजे द्राक्षावर, पिकावर फवारतात ते निळं औषध. पोतंभर खड्ड्यात ओतलं तर त्यात काही शिल्लक राहत नाही. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. फोटोत पाणी, त्याच्या अंगठ्याची सावली आणि काहीतरी पांढरट. तो कतीराही असू शकला असता.

"काकांना सांग, मी येईपर्यंत थांबा. मी उद्या पहिल्या गाडीनं निघते."

"लातूर गाडीनं या आन् चाकूरला उतरा, मी गाडी घेऊन थांबतो."

बसमध्ये मी मनातल्या मनात उजळणी केली. मला एक गोष्ट माहीत होती: हायड्रोझोआ घराण्यात एक वांड निघालेला आहे, तो गोड्या पाण्यात राहतो. पुस्तकात त्याला एक ओळ, मीही वर्गात एकच वाक्य द्यायची, "अपवाद गोड्या पाण्यातही आढळतो," आणि पुढे जायची. तो माणसाला काही करत नाही. पण हा तोच आहे हे कशावरून? बेडकाची अंडी असली तर? मी जाऊन सगळ्या गावापुढं सांगणार की पाणी प्या, आणि उद्या एखादं जनावर दगावलं तर? पिशवीत भिंग होतं, एक काचेचा पेला, फॉर्मॅलिनची बाटली. अख्खा लोहा-अहमदपूर रस्ता मी खिडकीबाहेर बघत एकच ठरवत होते की पडदा दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

गंगाधरचं पोट सुटलंय, मिशा आल्यात, पण दाराकडं बघायची सवय तीच. त्याच्या गाडीवर मागे बसून आम्ही खदानीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि माणसंही जमली होती. मधोमध निवृत्तीकाका. उंच, पांढरं धोतर, दंडावर आणि मानेवर खाजवून खाजवून लाल झालेलं. शेजारी निळं पोतं.

"या मॅडम," काका म्हणाले. "गंग्यानं सांगितलं तुमी या जिवांच्या मास्तरीण हाव म्हणून. बघा आन् सांगा. पर लवकर, माझी बैलं कालपासनं हापशाचं पाणी पिऊन राहिलीत."

मी काठावर बसले. पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. आधी काही दिसलं नाही. मग नजर बसली आणि दिसायला लागल्या. एक, मग दहा, मग जिकडे बघावं तिकडे. मी पेला बुडवून एक अलगद उचलली आणि उन्हाकडे धरली.

ती मिटली आणि वर गेली. मग सगळं अंग सैल सोडून, छत्री उघडी टाकून, सावकाश खाली आली. पुन्हा मिटली, पुन्हा वर. काठाचे शेकडो धागे मागे ओढले जायचे आणि परत पसरायचे. मी फळ्यापुढं हात उघडून-मिटून जे दाखवायची ते साफ चूक होतं. मी फार घाई करायची. ही मिटायची झटक्यात, पण उघडायची अगदी निवांत, जसं काही तिला कुठं जायचंच नाही. मला एकदम भरून आलं. पेला हातात, भिंग मांडीवर, आणि डोळ्यांतून धारा. इतकी वर्षं बरणीतल्या गाळाला छत्री म्हणत आले होते आणि छत्री ही अशी होती.

"बघा," काका मागून ओरडले, "मॅडमला चावलं."

माणसं मागं सरकली. कुणीतरी म्हणालं पाणी आणा, कुणी म्हणालं कुठलं पाणी, ह्याच्यातलं? काकांनी पोत्याचं तोंड सोडायला घेतलं. गंगाधर पोत्यावर आडवा झाला.

"थांबा काका," मी डोळे पुसत म्हणाले. "चावलं नाही. जन्मभर हे शिकवलं आणि आज पहिल्यांदा जिवंत बघितलं, म्हणून रडू आलं."

काकांचे हात थांबले.

"मंजे तुमी बी पहिल्यांदाच बघून राहिलाव?"

"हो."

"मंग हे चावतं का न्हाई, तुमाला कसं म्हाईत?"

वकिलाला लाजवील असा सवाल. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं आणि गंगाधर पोत्यावरूनच माझ्याकडे बघायला लागला. त्याचा चेहरा तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा, फक्त या वेळी परीक्षा माझी होती. पुस्तकात लिहिलंय असं म्हटलं असतं तर पोतं तिथंच पाण्यात गेलं असतं.

"काका, एक परात मागवा," मी म्हणाले. "आणि तुम्हीच बघा. मला जे दिसेल ते तुम्हालाही दिसलं, तरच खरं माना."

गंगाधरच्या घरून स्टीलची परात आली. खदानीचं पाणी आणि पाच-सहा छत्र्या त्यात सोडल्या. मी भिंग काकांच्या हातात दिलं आणि माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा स्पॉटिंगचा तास तिथं सुरू झाला.

"छत्री गोल का चौकोनी?"

"गोल."

"मधी काय लोंबतंय?"

"दांडा हाय. त्याच्या बुडाला तोंडावानी काहीतरी."

"तोंडच आहे. दांडा वर छत्रीला चिकटलाय तिथून रेघा किती फुटल्यात?"

"चार. आन् चारीला पांढऱ्या पिशव्या."

"आता काठ बघा. धाग्यांच्या आत, काठाला लागून."

काका वाकले. खाजवायचं विसरले. मलाही तो पडदा अजून दिसला नव्हता. डोळे भरलेले, भिंग त्यांच्याकडे. काका बराच वेळ बघत राहिले.

"मच्छरदाणीचं कापड लावल्यावानी हाय," ते म्हणाले. "आतून. लई पातळ. मधी भोक."

मी भिंग घेऊन स्वतः पाहिलं. पडदा होता. गोल, तलम, छत्री मिटताना ताणला जाणारा. माझ्या जिवात जीव आला. हायड्रोझोआ, गोड्या पाण्यातला वांड तो हाच. मी सगळ्यांना सांगितलं की घराण्यातली ही मंडळी गरीब आहेत, यांचे बाण पाण्यातल्या बारीक किड्यांपुरते, आपल्या कातडीत शिरत नाहीत. आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं, म्हणून बांगड्या वर सारून हात कोपरापर्यंत परातीत आडवा घातला आणि तसाच ठेवला. एक छत्री मनगटाला घासून गेली. कळलंसुद्धा नाही.

"काका, तुम्ही पाण्यात कुठवर उतरला होता?"

"पोटरीपर्यंत."

"मग मानेवर कशी खाज? चावायला हे काय उडत आले?"

माणसं हसली. काका नाही हसले. त्यांनी विचार केला, हे मला त्या माणसाचं फार आवडलं.

"उतरायच्या आदी काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार. वाट न्हवती, गवत माजलेलं. विळ्यानं कापून काढलं."

"कसलं गवत?"

काकांनी बांधाकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पांढऱ्या फुलांचं गाजरगवत कमरेएवढं, मधोमध कापलेली ताजी वाट. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण पाण्यात नवा जीव दिसल्यावर माणसाला जुनी गोष्ट आठवत नाही.

काका हळूच परातीपाशी बसले. बोट पाण्यात घातलं आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं एक डोळा उघडला.

"गुदगुल्या बी न्हाईत," ते म्हणाले.

गंगाधर पोत्यावरून उठला. त्याच्या पाठीला निळा रंग लागला होता.

आता माझं काम उरलं होतं. फॉर्मॅलिनची बाटली काढली. थोड्या छत्र्या त्यात घालणं भाग होतं. बाटलीत घेतल्याशिवाय शास्त्रात कुणी विश्वास ठेवत नाही. पहिल्यांदा जिवंत पाहिलं आणि तासाभरात मीच मारायला बसले, हे मला फार जड गेलं. एकेक आत गेली, आवळली, आणि पुन्हा उघडलीच नाही. बघता बघता दुधट झाली.

"कामून मारलं?" काका म्हणाले. "चावत न्हाई म्हणालाव की."

"लोकांना पटवायला लागतं काका."

"मला तर परातीतच पटलं."

"तुम्ही जिवंत बघितली."

"मंग त्यायला बी हितंच धाडा. गंग्याकडं परात हाय."

मी बाटलीला बूच लावलं.

नमुना हदगावला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या चार पिशव्यांत सगळीकडे अंडीच अंडी. एकही नर नाही. या प्राण्यात असं पुष्कळदा होतं, एका पाण्यात सगळ्या माद्या नाहीतर सगळे नर. हे मी काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी ते गावभर केलं. त्यानंतर कुणी नवं माणूस खदानीवर आलं की काका सांगत, "काय करत न्हाईत, समद्या बायकाच हायेत." तोंडाचं आणि मोरीचंही ते सांगायचे, माझ्यापेक्षा मोकळ्या शब्दांत, ते इथे लिहिता येत नाही.

रज्जाकभाई आता घरीच असतात. बातमी कळल्यावर त्यांचा फोन आला, "मॅडम, असली हाय ना? कतीरा न्हाई ना?"

आणि काकांनी सांगितलं होतं तेच मी केलं. कॉलेजात अजून माझं ऐकणारी दोन माणसं आहेत. त्यांच्या मागे लागून पोरांची एक जीप खदानीवर नेली, मग दुसरी. बरणी नाही, लेबल नाही, घंटा नाही. परातीभोवती पोरं उकिडवी बसली, काका भिंग वाटत फिरले. जाताना एका पोरीला मी विचारलं, कशावरून ओळखशील? तिनं हात पुढे केला. हाताची पाची बोटं झटकन मिटली आणि सावकाश, अगदी सावकाश उघडली. मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

दिवाळी तोंडावर आली आणि सकाळी काकांचा फोन. आवाज बसलेला.

"मॅडम, गेल्या हो."

"काय गेलं?"

"छत्र्या. तीन दिवस झाले, एक बी न्हाई. मी समदी खदान बघितली. कुणी मोरचूद टाकलं का काय म्हणून गंग्याच्या बी अंगावर गेलो. पर मासे तर हायेत."

मोरचुदाचं पोतं घेऊन उभा असलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. मी त्यांना सांगितलं की कुणी काही टाकलेलं नाही. पाणी गार झालं, त्यांचे दिवस भरले. पण त्या संपल्या नाहीत. त्यांचा दुसरा जन्म तळाच्या दगडांना चिकटून आहे, राईपेक्षा लहान, डोळ्यांना न दिसणारा. तो आधीही तिथंच असणार, कितीतरी वर्षं. आपल्याला माहीत नव्हतं एवढंच.

काका म्हणाले, "मंजे खदानीतला दगुड कुणाला काढू द्यायचा न्हाई."

"नका देऊ."

"आन् परत कवा येतील?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "सांगता येत नाही काका. पुढच्या दसऱ्याला येतील. नाहीतर चार-पाच वर्षांनी. कदाचित तुमच्या-माझ्या हयातीत नाहीच."

"असू द्या," काका म्हणाले. "त्या हायेत ना तळाला, मंग झालं. आमी बी हाव की हितंच."